उतरायचं कुठे

पवनीत उतरायचं कुठे, हा प्रश्नच नव्हता कधी.
एसटी थांबायची, पुढचं पायांना ठाऊक:
तटाचा दरवाजा, घाट, डोंगा,
आणि पल्याड रेतीत
रेंगी जुंपून उभे बाबा.

आता यादी आहे. हेमराजनं मोबाइलवर काढलेली.
तीन नावं, चौथं ‘बघू मग’.
चुलतभावाच्या पोरीचं लग्न,
पुनर्वसनातलं घर, खोल्या दोन, पाव्हणे चाळीस.
‘ताई, तुमी लॉजवर उतरा जी, पैसे आमी देतो.’
मी फोनवर उगाच हसले.

पहिलं स्टँडसमोर. जिन्यात फिनेल,
उशीला कुणाचं तरी आवळा तेल.
हेमराज म्हणाला, एका रात्रीचा तर प्रश्न.
त्याला अशा रात्री सोप्या जातात.

दुसरं तटाच्या आत, खंदकाला लागून.
मालक दारापर्यंत मागे आला:
राजाच्या काळातला खंदक, बाई,
नागपूरचे फोटोवाले इथंच उतरतात.
कुठला राजा, ते त्याला माहीत नव्हतं.
मलाही नाही, आणि सहावीत सहल इथंच आली होती.
खंदकात शिंगाड्याचे वेल,
एक म्हैस फक्त नाकपुड्यांपुरती शिल्लक.
खोली चांगली होती, चादर इस्त्रीची,
पण खिडकीत नुसता तट,
इतका जवळ, की रात्रभर
आपणच पहारा द्यावा.

तिसरं कालव्यावर. नवं, काचेचं.
नाव ‘कॅनॉल व्ह्यू’, भाडं त्या नावाचंच.
गल्ल्यावर पोरगा, मनगटावर
जाळ्याच्या दोरीची जुनी खूण.
बोली आपोआप आली तोंडात:
पानी दिसते का रे खोलीतून?
‘पानी चोवीस तास हाये जी. गरमही.’
तसं नाही. दिसते का?
त्याचा चेहरा उजळला.
‘एकशे चार घ्या. बालकनी. पानीच पानी.
नवीन जोडपी तेच मांगतेत.’
हेमराज चावीच्या बिल्ल्याकडे बघत राहिला.

माणूस उतरतो, पाणीही उतरतं,
शब्द एकच आहे आपल्याकडे.
उन्हाळ्यात धरणाचं उतरलं
की देवळाचा कळस दिसतो म्हणे,
आणि आमच्या चिंचेचा काळा बुंधा.
भाऊ दरवर्षी बघून येतो.
येऊन मला फोन करतो, आणि
पिकापाण्याचं बोलतो.

रजिस्टर उघडलं. कुठून आलात: वरोरा.
कुठे जाणार: वरोरा.
येण्याचं कारण: लग्न.
मूळ गावाचा रकाना नव्हता. बरं झालं.
एकशे चार नको रे, मागची दे.
‘मांगं काई नाई जी. जनरेटर हाये,
आन् शेवग्याचं एक झाड.’
तीच दे.

रात्री कूलर बंद केल्यावर कळलं,
की पाणी ऐकूही येतं.
हेमराज जागा होता. म्हणाला, चालू करू का परत?
राहू दे, म्हटलं.

सकाळी पोरगा चहा घेऊन आला.
कोन्या गावच्या तुमी, ताई?
सांगितलं. बऱ्याच दिवसांनी ते नाव
तोंडातून मोठ्यानं निघालं.
ट्रे हातात तसाच धरून तो थांबला,
मनात काहीतरी जुळवलं त्यानं.
‘म्हंजे हे कालव्याचं पानी
तुमच्या गावावरूनच येते जी.’

चहात साखर जास्त होती.
मी सगळा प्यायले.