पाचव्या रांगेतला हात

गुरुवारी साडेसहाला मी दिवे लावते,
माइकवर टिचकी मारून बघते
आणि वक्त्यासाठी एक पेला पाणी ठेवते.
झाकण घालत नाही. बोलताना त्यांना ते काढवत नाही.

बाहेर सेंट जॉन्सचं बंदर धुक्यात बुडालेलं,
विद्यापीठाच्या पायऱ्यांवर बर्फासाठी मीठ फेकलेलं.
आत देशाचं धोरण, परदेशाचं धोरण,
सर्वांना खुलं, प्रवेश मोफत,
नंतर चहा आणि आल्याची बिस्किटं.
काही जण बिस्किटांसाठीच येतात. मला माहीत आहे,
बिस्किटं मीच मोजते.

ॲम्ब्रोस टिझर्ड मात्र चहाला थांबत नाही.
वय ब्याऐंशी. पाचवी रांग, भिंतीकडची खुर्ची.
ओला कोट शेजारच्या खुर्चीवर असा बसवतो
जणू तोही ऐकायला आलाय.
वक्ता पहिल्या आलेखापाशी पोचेतो
याची हनुवटी छातीवर.

आणि प्रश्नांची वेळ झाली की हात वर.
हात कसला, वल्हंच ते.
दोन बोटं अर्धी, उरलेली दोरांनी सोललेली.

व्याजदरांवर बोलून झालं. ॲम्ब्रोस म्हणाला,
"आणि मासळीचं काय?"
हवाई तळ, निर्वासित, गव्हाचे भाव,
समुद्राखालच्या केबली.
"बरं, आणि मासळीचं काय?"
पोरं त्याच्याबरोबर ओठ हलवू लागली.
घड्याळ सांभाळणारे प्राध्यापक सिन्नॉट
शेवटचं मिनिट त्याच्या नावावर टाकून ठेवत.
वक्ते हसून म्हणत, "चांगला प्रश्न आहे."
चांगला प्रश्न म्हणजे काय ते मला इथेच कळलं:
ज्याचं उत्तर द्यायचं नसतं, तो.

मार्चमध्ये राजधानीतून एक बाई आल्या.
विषय मासेमारीबंदी, हद्दी, कुणाचंच नसलेलं पाणी.
सभागृह भरलं, पायऱ्यांवरसुद्धा माणसं.
जाळी विकून पेट्रोलपंपावर उभे राहिलेले बाप,
शेजारी त्यांच्या मुली, आता संख्याशास्त्र शिकणाऱ्या.
बाई चांगलं बोलल्या. चुका कुणाच्या ते
नावं न घेता सांगितलं, पण सांगितलं.
ॲम्ब्रोस टक्क जागा.

सिन्नॉटनी माइक थेट त्याच्याकडेच धाडला.
साडेतीनशे माना वळल्या.
तो कोटावर हात टेकून उठला
आणि बराच वेळ नुसता उभा.

"नोव्हेंबरात," तो म्हणाला, "एक पोरगा आला होता,
नदीच्या मुखाकडचा. नदीने गाव खाल्लं म्हणाला.
चारशे घरं, एक शाळा.
सरकारने त्यांना वर कुठेतरी नेऊन बसवलं,
तिथे प्यायला पाणी नव्हतं.
पुढे काय झालं त्यांचं?"

कुणीतरी हसायला गेलं आणि अर्ध्यात थांबलं.
बाईंनी कागद चाळले, जणू त्यांत सापडेल.
"तो माझा विषय नाही," म्हणाल्या. प्रामाणिकपणे म्हणाल्या.
"हो ना," ॲम्ब्रोस म्हणाला, "माझाही नव्हता."
आणि बसला.

नोव्हेंबरात तो झोपला होता, शपथेवर सांगते.
घोरत होता. मीच दोनदा खोकले होते.

त्या रात्री तो चहाला थांबला.
बिस्किट बुडवलं, ते तुटून तळाशी गेलं,
चमच्याने शोधत बसला.
मी म्हटलं, "मासळीचं विचारलं नाहीस?"
"त्यांना ठाऊक होतं," तो म्हणाला.
"ठाऊक असलेल्याला काय विचारायचं?"

सगळे गेल्यावर मी पेल्यातलं पाणी ओतलं,
खुर्च्या सरळ केल्या. मग कपाट उघडलं,
जिथे मी वक्त्यांच्या नावांच्या पाट्या ठेवते.
का ठेवते ते कधी कुणी विचारलेलं नाही.
शहादत मृधा. आडनाव आम्ही चुकवलं होतं,
त्याने न बोलता पेन्सिलीने दुरुस्त केलेलं,
आणि पाठीमागे, बारीक अक्षरात, एक गाव.
मला ते नीट उच्चारता येईना.
पुन्हा म्हणून पाहिलं, जरा मोठ्याने,

आणि ते माझ्या अंगावर परत आलं
चारी भिंतींकडून.
माइक बंद करायचा राहिला होता.