गहू भिजू घालू का

सोमवारी पहाटे साडेपाचला फुगा सोडला.
धावपट्टीच्या दिव्यांवरून तो वर गेला,
भंडाऱ्याच्या बाजूला कलत कलत,
आणि सोनेगावात पुन्हा फक्त टिटवी उरली.

मग टेबलाशी बसून आठवड्याचा अंदाज लिहिला:
विदर्भात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका पाऊस,
एकदोन ठिकाणी गारा. गुरुवार ते शनिवार.
कमाल तापमानात फारसा फरक नाही,
त्यानंतर दोन ते तीन अंशांनी वाढ.
एकोणीस वर्षं मी असंच लिहिते.
या वाक्यांना क्रियापद नसतं,
म्हणून ती कधी खोटी पडत नाहीत.

घरी आले तर जिन्यातच अनुसयाबाई निखारे,
हातात गव्हाचं पातेलं.
"काय म्हन्ते तुमचं खातं?
गहू भिजू घालू का आज?"

कुरडईचा गहू तीन दिवस भिजतो,
रोज पाणी बदलायचं.
गुरुवारी वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा,
शुक्रवारी उजाडायच्या आत शिजवून
साच्यातून थेट गच्चीवर.
एकदा भिजला की गहू कुणासाठी थांबत नाही.
त्यात ही रुखवताची ऑर्डर, रविवारी सक्करदऱ्याला पोचवायची,
सहा किलो, त्यातली एक किलो गुलाबी.

मी म्हटलं, पावसाची शक्यता आहे.
"शक्यता तं मलेबी माहीत हाये बाई. पाऊस हाये का?"
तुरळक ठिकाणी.
"मंग आपलं घर तुरळकात येते का?"

आमच्या नकाशावर प्रतापनगर
बोटाच्या टोकाखाली झाकून जातं.
बोट उचललं तरी दिसत नाही.
मी काही बोलले नाही.
"घालतेच भिजू," ती म्हणाली,
"तुम्ही आपलं पाहून घ्या."
जसं काही वरच्या ढगांचा रजिस्टर माझ्या कपाटात आहे.

मंगळवारी सदतीस पूर्णांक दोन.
वाडीकडे जाणाऱ्या रस्त्याला पळस पेटलेला,
खाली एक पान नाही.
बुधवारी ओल्या तापमापकाची मलमलीची पट्टी बदलली,
बदलताना जिन्यातला आंबूस वास आठवला.
गुरुवारी बंगालच्या उपसागरावरून ओल येऊ लागली,
आणि मी पहिल्यांदाच प्रार्थनेसारखं काहीतरी केलं:
तोच नकाशा पाच वेळा उघडला.

शुक्रवारी माझी सुटी.
पहाटे चारला गच्चीवर चुलाणं धगधगत होतं,
मी साच्याचा दांडा फिरवत होते,
ती जुन्या नऊवारीवर वेटोळी उतरवत होती,
पांढरी, पांढरी, मग गुलाबी,
लग्नघरच्या डोळ्यांना दिसतील अशी.
बारापर्यंत कडा कुरकुरीत झाल्या होत्या.

तीन वाजता पश्चिमेला शाईची दौत सांडली.
वारा आला, नऊवारी शिडासारखी फुगली,
आम्ही चार टोकं चार हातांत धरून
जिन्याकडे पळालो,
मी मावसबहिणीच्या वरातीतसुद्धा इतकी पळाले नव्हते.

आणि मग
गच्चीवर टपोरे सहा थेंब. मी मोजले.
सातवा आलाच नाही.

रात्री कार्यालयातल्या डोमाजींचा फोन.
काटोलला लिंबाएवढ्या गारा,
घराचे पत्रे चाळणीसारखे झाले,
म्हातारी आई पलंगाखाली बसून होती.
मॅडम, अंदाज बरोबर आला, ते म्हणाले,
आवाजात राग शोधला मी, सापडला नाही.
तुरळक ठिकाण त्या दिवशी त्यांच्याकडे राहायला गेलं होतं.

शनिवारी नोंद केली: पाऊस, लेशमात्र.
मोजपात्रात भरत नाही, तरी पडलेला असतो,
त्याच्यासाठी आमच्याकडे हा शब्द आहे.

गच्चीच्या फरशीवर एक गुलाबी वेटोळं उरलंय.
पळताना एक कुरडई निसटली होती,
थेंब नेमका तिच्यावर पडला.
अनुसयाबाईंनी दोनदा घासलं.
जात नाही.