काचकागद

लोखंडी ब्रश नको,
इलाहीचाचा पहिल्या दिवशीच म्हणाले.
लोखंडाची पूड स्टीलला चिकटती,
मग लोक म्हणत्यात स्टीलच गंजलं.
म्हणून बांबूच्या चिपा, लाकडी पट्ट्या
आणि पोरांच्या दप्तरातल्या मोडक्या फूटपट्ट्या.

उद्यमनगरात, मागच्या बोळात,
फाउंड्रीच्या काळ्या वाळूवर उभी आहे बस.
इचलकरंजीच्या कुणा सूतवाल्यानं कधीकाळी बोटीतून आणवलेली,
आता मगदूमांच्या पद्मजानं भंगाराच्या भावात घेतलेली.
मला बोलावलं ते शेवटची अक्षरं कापायला,
कोपऱ्यावर माझं रेडियमचं दुकान आहे, नंबरप्लेटांचं.
पण हात रिकामे कशाला ठेवायचे.

रिमूव्हर फासायचा, वर पॉलिथिन ताणायचं,
चहा प्यायचा.
तोवर रंग सुटतो
भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा.

वरचा पिवळा, शाळेचा.
त्याखाली बँडवाल्यांचा जांभळा, सोनेरी सनईसकट.
त्याखाली साखर कारखान्याचा हिरवा.
आणि हिरव्याच्या कडेला, मागच्या चाकाच्या वर,
नखाएवढ्या अक्षरांत:
पेंटर तातोबा.

माझा बाप.

चांगल्या चकचकीत बसला रंग कशाला, तर
बैल बुजायचे.
कागलच्या रस्त्याला ऊन चढलं
की हिच्या अंगातून दुसरी बैलजोडी यायची,
शिंगं रोखून, उसाची गाडी ओढत.
एकदा एक गाडी चरीत गेली.
चेअरमन म्हणाले, झाका हिला.

बाप म्हणाला, स्टील रंग धरत नाही साहेब,
आधी घासावं लागतं.
सात दिवस घासत होता काचकागदानं.
मी सहा वर्षांची, डालड्याच्या डब्यात पाणी घेऊन मागं मागं.
कागद झिजला की तो माझ्याकडं टाकायचा,
मी त्यानं पाटी घासायची.

हे मी करतो, म्हटलं चाचांना.
(आमच्याकडं बायकाही करतोच म्हणतात.)
पट्टी टेकवली.
नाव एका ओढीत निघालं,
चिंधीवर हिरवा डाग, बस्स.
वाटलं होतं, काहीतरी होईल.
काही झालं नाही. चिंधी डब्यात टाकली,
साबणाच्या पाण्यानं पत्रा धुतला.

दुपारी ऊन तिरपं झालं
तेव्हा दिसल्या रेघा.
कमानी, एकीवर एक,
एका उजव्या हाताच्या पोहोचीएवढ्या.
संध्याकाळच्या बाजूला उथळ,
खिडक्यांच्या वर, स्टूल पुरलं नसेल तिथं, तुटक.
एके ठिकाणी मध्येच खाली घसरलेली लांब एक,
बहुतेक मी हाक मारली असेल.

रंग तीन वेळा बदलला हिचा.
ह्या तेवढ्या कुणाला ठाऊकच नव्हत्या.

इलाहीचाचांनी बफ काढला.
ग्रेनच्या दिशेनं ओढलं की जात्यात सगळ्या, म्हणाले,
शिकलगार हाय मी, तलवारी उजळल्यात आमच्या आज्यांनी.
खरं होतं. अर्धी बाजू तासाभरात आरसा झाली.
कंडक्टरच्या दाराजवळचा एक पत्रा राहू द्या, म्हटलं.
पद्मजा म्हणाली, तो बाकीच्याला मॅच होणार नाही.
नाही होणार.
ती पत्र्याकडं बघत राहिली, मग मोबाइलकडं.
बरं. पण बिल तेवढंच ना?
तेवढंच.

दिवस कलला तशा बोळातून म्हशी निघाल्या
दूध कट्ट्याकडं, धारेला.
पुढची थबकली.
तिलाही दिसली असणार दुसरी,
पन्हळीत लांबुळकी झालेली, शिंगं रोखून.
मी बादली उचलून बाजूला झाले.
तिनं नाक टेकवलं,
फुस्स केलं,
वाफेचा एक गोल उमटला पत्र्यावर
आणि शेपटीनं माशी हाकत ती गेली पुढं.
चाचा कोरडं फडकं शोधत होते.