सहावं घर

फोंड्याच्या वरच्या बाजारात माझं पेट्या दुरुस्तीचं दुकान.
चतुर्थीआधी भजनी मंडळांच्या पेट्या रांगेनं येतात,
भात्यात झुरळं, सुरांवर कापराची काजळी,
एकीत तर पंचामृत.

लोटलीचा कायतान फुर्ताद आला
तो बोरीचा पूल ओलांडून, दुपारच्या बसने.
खिशात दहा घरांचा माउथ ऑर्गन,
रुमालात गुंडाळलेला, कवळी आणावी तसा.
तेवीस वर्षं तारवटी होता.
मोबाईल नावाच्या बंदरात
(गावाचं नाव आहे, हसू नकोस, म्हणाला)
जहाज अकरा दिवस अडकलं,
तेव्हा गोदीतल्या एका म्हाताऱ्या हमालाने त्याला सांगितलं,
सगळे फुंकतात. तू ओढ.

त्याने ओढलं.
तिसऱ्या घरातला गंधार
घशातून इतका खाली वाकवला,
कोमल, मग त्याहून जरा वर, जरा ओला,
की माझ्या पेट्यांना जे जन्मात जमलं नाही
ते दोन पट्ट्यांच्या मधलं निसरडं
दुकानभर झालं.
समोरची फुलवाली अबोलीचा वळेसर गुंफता गुंफता थांबली.

वरच्या सप्तकात मात्र, सहाव्या घरापाशी,
तो दर वेळी एक पायरी गाळायचा.
सा, रे, आणि एकदम म.
मी विचारलं, कोमल ग?
तिथं नाही, म्हणाला.
शेजारच्या बंद घराबद्दल सांगावं तसं.
लिस्बनला गेलेत. कुलूप आहे.

पुढच्या आठवड्यात त्याचा भाचा रुवेन सोबत आला.
म्हणे, आहे तिथं सूर.
ओव्हरब्लो म्हणतात.
फुंकायचं, पण असं नेमकं
की फुंकेची पट्टी घुसमटून गप्प होते
आणि तिच्या पाठची, फक्त श्वास घेताना बोलणारी,
ती श्वास सोडताना बोलू लागते.
तुम्ही फक्त फट कमी करा, केसभर.

कायतान काउंटरवर हात आपटून म्हणाला,
ज्याने मला शिकवलं त्याने तो वाजवला नाही.
त्याला ज्याने शिकवलं त्यानेही नाही.
होतं तेवढ्यात भागवलं त्यांनी. ना म्हणजे ना.
त्यांना ठाऊक नव्हतं, मामा.
ठाऊक असतं तरी!
म्हार्दोळचे दोघे पेटी न्यायला आले होते,
ते बाकावर बसून ऐकत राहिले.
मी कानस चालवत होतो.
मला माझे वडील आठवले,
सारंगीवाला घरी आला की
पेटीवर चादर टाकायचे.

पंधरा दिवसांनी कायतान एकटा.
शटर अर्धं खाली आलं होतं, वाकून आत शिरला.
सहाव्याची फट कमी कर.
चेड्याक सांगूं नाका.

पतंगाचा कागद मध्ये धरून मी पट्टी दाबली,
उजेडात पाहिली, परत दाबली.
त्याने फुंकलं. शेळी.
परत. शेळीचं करडू.
मी पाणी दिलं, त्याने नको म्हटलं,
हनुवटीवर लाळेची रेघ, गळ्याची शीर टरारलेली,
नववा की दहावा प्रयत्न असेल,
आणि आला.
बारीक, किंचित उतरलेला,
कुणीतरी आतून कडी काढल्यासारखा.
श्वास संपेपर्यंत त्याने तो धरला.
मग ऑर्गन तोंडातून काढून
पाठपोट नीट न्याहाळला,
त्या तेवीस वर्षांत कुठे होतास, अशा रागाने.

किती झाले?
पन्नास.
सुटे मोजून दिले. शेवटची बस गाठायला गेला.

लोटलीच्या फेस्ताला मला बोलावणं आलं.
अंगणात बल्बांची माळ, रुवेन गिटारवर,
कायतान खुर्चीच्या टोकावर, डोळे मिटून.
तिसरं घर वाकलं, चौथं वाकलं, लोक हुंकारले.
मग तो वर चढत गेला.
सा.
रे.
आणि तिथं थांबला,
उंबऱ्यावर चपला काढायला थांबावं इतकाच,
आणि गेला थेट मध्यमावर.

रुवेनने तारांवरून नजर उचलून
माझ्याकडे पाहिलं.
माझ्या तोंडात खाज्याचा तुकडा होता.
मी तो दाढेखाली धरून ठेवला,
चावला नाही.