नात्याचा रकाना

फाटकाशी रामसमुझ वही पुढे करतो.
तारीख, वेळ, सोबत कोण, मासा कोणता, वजन,
आणि शेवटी एक अरुंद रकाना: नाते.
सात वर्षं मी तिथे बिनदिक्कत 'जावई' लिहिलं.
आज पेन अडतं.
मी ते तळहातावर गिरवत उभा.
"चल रे, अंधार पडला," मोरेश्वर चुरी म्हणतात,
निवृत्त फिटर, सभासद क्रमांक एकशे बारा,
आणि पवईच्या पाण्याकडे चालू लागतात.

मचाणाच्या फळ्या अजून दिवसाच्या उन्हाने कोमट.
ते डबा उघडतात:
शेंगदाण्याची पेंड, भाजलेलं बेसन, शिळा पाव,
बोटभर मध, ओवा,
कागदाच्या पुडीत तांबड्या मुंग्यांची अंडी.
पोळ्यांची कणीक मळावी तसं मळतात, मनगटापासून.
"पाण्यात पडल्यावर दहा मिनिटांनी सुटायला हवं.
लवकर सुटलं तर मासा फुकट खाऊन जातो.
सुटलंच नाही, तर…"
दर खेपेला पुरं करतात हे वाक्य.
आज मध्येच म्हणतात, ओवा जास्त झाला.

रॉडच्या टोकाला घुंगरू.
वृषालीच्या तिसरीतल्या गॅदरिंगचं,
चाळातलं एकच उरलेलं.
ते वाजेपर्यंत काम काही नाही.

समोरचे टॉवर आपले दिवे पाण्यात उभे करून ठेवतात.
एकेक खिडकी विझते
तसा तळ्याचा एकेक तुकडा काळा होऊन परत मिळतो.
डोक्यावरून विमान चाकं काढून उतरतं.
जलपर्णीच्या कडेला दोन लाल ठिपके.
"मगर," ते म्हणतात,
बस गेली म्हणावं तसं.

मंगळवारी वांद्र्याला सह्या झाल्या.
जिन्यात तिने विचारलं, शनिवारी जाणार का तुम्ही दोघं?
म्हटलं, माहीत नाही.
ती म्हणाली, त्यांची रात्रीची गोळी तुझ्या खिशात ठेव,
ते मुद्दाम विसरतात.

अकरा वाजता मी गोळी पुढे करतो.
ते गोळीकडे बघतात, माझ्याकडे नाही.
थर्मासच्या झाकणातून पाणी पितात.
बराच वेळ झाकण फिरवत राहतात,
आटे नीट बसेपर्यंत.

तीन वाजून दहा मिनिटांनी घुंगरू
एकदा.
मग नाही.
मग सगळा रॉडच पाण्याकडे निघतो
आणि रीळ किंचाळतं.
"पळू दे! धरून ठेवू नकोस. दोरा दे. दे अजून!"
मी देतो. दोरा बोट कापत जातो.
"आता थकलाय असं वाटेल. तो थकलेला नाही."
खरंच नव्हता.
पंचवीस मिनिटं मी अंधाराच्या दुसऱ्या टोकाला बांधलेला,
आणि माझ्या पाठीवर, शर्ट मुठीत धरून,
पाण्यात जाऊ नये म्हणून,
एक म्हातारा हात.

जाळ्यात कटला.
मोठं डोकं, खालचा ओठ पुढे, रुसल्यासारखा.
ओल्या गोणपाटावर त्याचे खवले टॉर्चमध्ये
रुपया रुपया एवढे.
काट्यावर सव्वासहा किलो.
ते ओठातून गरी इतकी हळू काढतात
की मला दुसरीकडे बघावंसं वाटतं.
मग गुडघाभर पाण्यात दोन्ही हातांवर धरून उभे.
मासा श्वास जुळवत राहतो.
त्याने शेपटी हलवली तरी हात लगेच काढत नाहीत.
मग काढतात.

उजाडता फाटकाशी परत वही.
या वेळी पेन ते घेतात.
अक्षर मोठं, डोळे पंचाहत्तरीचे,
कटला एका रकान्यात, सव्वासहा दुसऱ्यात,
आणि 'सोडला'
जागा न उरल्याने बरोब्बर नात्याच्या रकान्यात.
चष्मा वर करून ते वाचतात.
मीही वाचतो.
रामसमुझ जांभई देतो.
ते खोडत नाहीत.
हाताला येणारा माशाचा वास विजारीला पुसतात
आणि म्हणतात,
पुढच्या शनिवारी पेंड तू आण.
ताजी बघून आण.