जडसंग्रह नोंदवही

लोखंडी कपाटं बावीस.
पंखे चव्वेचाळीस, पैकी नादुरुस्त नऊ.
एक पृथ्वीगोल, दक्षिण ध्रुव उंदरांनी नेलेला.
हे सगळं माझ्या हस्ताक्षरात आहे.
आता तोंडी आदेश असा, की
झाडीपट्टीतल्या या उपकेंद्राची झाडंही मोजून घ्या, धोटे,
एप्रिलमध्ये विद्यापीठाची समिती येतेय,
वाळलेली वेगळी काढा, लिलावाला लावू.

टेप घेऊन निघालो.
खरं सांगतो, तेवीस वर्षांत
ग्रंथालयाच्या मागे मी कधी गेलोच नव्हतो.

पुढे इंदरशा कुमरे. तो नाव सांगायचा, मी लिहायचो:
ऐन. ऐन. धावडा. चार.
बिबा. "हात नका लावू सायेब, अंगावर उतते."
आणि हे काय? "गवत."
मग जरा थांबून, "कुसळी गवत." मग अजून थांबून,
"याच्यात ससा हाये,
पन थो तुमच्या रजिस्टरमंदी बसनार नाई."

मैदानावर शनिवारच्या शर्यतींसाठी फक्की मारलेली.
सगळ्या रेघा सरळ,
तिसरी तेवढी एका जागी पोटुशी बाईसारखी बाहेर आलेली.
आत चार अंडी, मातीच्याच रंगाची;
मला ती दिसेपर्यंत टिटवीनं आभाळ डोक्यावर घेतलं.
"पोट्टे वाकडे धावतीन, काय होते!"
क्रीडा संचालकांनी पाहिलं?
पाहिलं. टेपनं वाकडेपणा मोजला
आणि तेवढं अंतर शेवटाकडून कमी केलं.

वाळका मोह सापडला वसतिगृहाच्या कुंपणाशी.
कधीतरी वीज पडलेली. एक पान नाही.
घेर नऊ फूट चार इंच.
टेंभरे ठेकेदार बुंध्यावर टकटक करून
भाव सांगूनही गेला होता.
मी लिहिलं: मृत.

"बसा थोडं," इंदरशा म्हणाला.
बसलो. कितीतरी वर्षांनी
नोंद क्रमांक नसलेल्या वस्तूवर बसलो,
दगड होता तो, दिवसभराचा तापलेला.

उजेड कमी झाला तसा ढोलीतून एक पिंगळा निघाला,
त्याच्यामागून दुसरा.
दोघांनी माझ्याकडे लेखापरीक्षकासारखं पाहिलं.
वरच्या भोकात राघू शिरला तो परतलाच नाही.
सालीखाली काही चालत होतं, वाळवी असेल, विंचू असेल.
मुळांच्या बेचक्यात घोरपडीची शेपटी,
बाकीची घोरपड आत.
गभणे मॅडमची एम.एस्सी.ची एक पोरगी
पलीकडे वही घेऊन बसलेली, डिसेंबरपासून म्हणे रोज.
तिच्या वहीत सतरा जण होते.
मी काही विचारणार
तर तिनं ओठांवर बोट ठेवलं,
आणि मी, वरिष्ठ लिपिक, वर्ग तीन, गप्प झालो.

रात्री कार्यालयात एकच ट्यूब लावून वही उघडली.
निर्लेखनाचे नियम मला पाठ आहेत:
वस्तू निरुपयोगी असावी,
दुरुस्ती किमतीहून महाग असावी,
कुणाच्या वापरात नसावी.
खाडाखोड चालत नाही;
चुकलेल्या शब्दाभोवती लाल गोल करून
बाजूला सही करावी लागते.
केली.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: वापरात.
वापरणारे: सतरा, आणि मोजायचे राहिलेले.

"धोटे, हे काय?" संचालक म्हणाले.
म्हटलं, सर, वापरातली वस्तू लिलावाला काढता येत नाही.
ते हसले की चिडले, चष्म्यामुळे कळलं नाही.
फाइल त्यांच्या टेबलावर आहे अजून.
टेंभरे रोज फोन करतो.

जूनमध्ये मी निवृत्त होतोय.
नवा माणूस येईल, त्याला कपाटं मोजून देईन,
पंखे, चाव्या, ध्रुव नसलेला पृथ्वीगोल,
मग एका संध्याकाळी त्याला मागे नेईन.
फक्त त्या दगडाला क्रमांक द्यावा की नाही,
ते माझं अजून ठरत नाहीये.