जिन्याची पाटी

डंडीत, हिलटाउनच्या चढावर, आमच्या जिन्याला आठ दारं
आणि पुठ्ठ्याची एकच पाटी, सुतळीत ओवलेली:
‘या आठवड्यात जिना धुण्याची पाळी तुमची.’
ज्याच्या मुठीला ती लटकेल, बादली त्याची.
रविवारी रात्री ती शेजारच्या दारावर जाते,
कोणी कोणाशी न बोलता.

तिसऱ्या मजल्यावर मी रात्री क्लास लिहीत बसते.
भाषेची आवृत्ती चौथी. तिच्यात प्रत्येक ऑब्जेक्टला
आपापलं सगळं मिळतं: नाव, रंग, किंमत.
पण सगळ्यांत मिळून एक, असं काही ठेवायला
तिच्याकडे कोनाडाच नाही.

म्हणून सोंग आणायचं.
एका फंक्शनच्या पोटात स्टॅटिक चल लपवायचं,
जे फंक्शन संपलं तरी संपत नाही,
आणि विचारेल त्याच्या हाती किंमत नाही, पत्ता द्यायचा.
पत्त्याचं ते चिन्ह, जिलबीच्या अर्ध्या वेढ्यासारखं,
काल मी विसरले.
चाचणीला आठ ऑब्जेक्ट घेतली होती, जिन्यावरून सुचलं म्हणून.
प्रत्येकाला स्वतःची प्रत मिळाली.
प्रत्येक म्हणालं, मी पहिलं.

आठ दारांवर आठ पाट्या असत्या
तर जिना कोणी धुतला असता?

धुवायचं शिकवलं मिसेस ऑख्टरलोनींनी.
“वरून खाली ये गं,
नाहीतर स्वतःचीच पावलं पुसत बसशील.”
त्यांचं नाव नीट म्हणायला मला दोन महिने लागले.
त्यांना ‘मृण्मयी’ जमलंच नव्हतं
फेब्रुवारीत अँब्युलन्स आली तोवर.

पाटी त्यांच्याच मुठीला राहिली.
तीन रविवार.
पायऱ्यांवर मीठ, वाळू, चिप्सचा तेलकट कागद.

चौथ्या आवृत्तीत ऑब्जेक्ट जाताना सांगून जात नाही.
आल्याची नोंद होते, गेल्याची होत नाही.
गेलेलं धरूनच आकडा उभा राहतो
पान ब्राउझरकडे रवाना होईपर्यंत.
मग आकडाही जातो,
पुढच्या हाकेला सगळं शून्यापासून.

आज पाटी मी काढली. सुतळीची गाठ ओली होती.
पाळी माझी नव्हती.
वरून सुरुवात केली. त्यांच्या दाराशी
पायपुसणं उचललं, खालचं पुसलं,
पुन्हा होतं तसं ठेवलं.
पाटी समोरच्या नर्सिंगच्या पोरींच्या मुठीला अडकवली.

वर येऊन ते चिन्ह घातलं.
एक ऑब्जेक्ट मुद्दाम पुसून टाकलं
आणि मोजणी मागितली.
आठ.

तशीच राहू दिली.